कपातले हाड आणि दातातली भुकटी



या महिन्यात आमच्यासमोर दोन पत्रे आहेत. पहिले कोकणातल्या एका भगिनीचे. त्यांचा मुलगा दुबईहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने चहाचा एक सेट आणला. पांढराशुभ्र, कडेला सोनेरी रेघ, कप इतके पातळ की हातात धरायला भीती वाटावी. ईदच्या दिवशी पाहुण्यांसाठी तो बाहेर काढला. धाकट्या मुलीने कप उलटा करून बुडाखालचा शिक्का वाचला, 'बोन चायना'. बोन म्हणजे हाड, हे ती शाळेत शिकलेली. भगिनी लिहितात, "सासूबाईंनी हातातला कप तसाच खाली ठेवला. सेट पुन्हा खोक्यात गेला. मुलगा म्हणतो, ते नुसते नाव आहे, त्यात हाडबिड काही नसते. सासूबाई म्हणतात, नाव उगाच पडत नाही. मुलगा हिरमुसून परत गेला. खरे काय ते सांगा."

दुसरे पत्र सोलापूरकडच्या एका बंधूंचे. दाढ काढल्यानंतर त्यांच्या जबड्याचे हाड झिजले. तिथे कृत्रिम दात रोवण्याआधी डॉक्टरांनी खड्ड्यात हाडाची भुकटी भरावी लागेल असे सांगितले. "कोणत्या जनावराचे हाड, असे आम्ही विचारले. काळजी करू नका, एवढेच उत्तर मिळाले. आम्ही उठून आलो. चार महिने झाले, एकाच बाजूने जेवतो आहोत."

एक पत्र स्वयंपाकघरातले, दुसरे दवाखान्यातले. पण दोन्हींच्या मुळाशी एकच विषय आहे, तो म्हणजे सिरॅमिक. आणि दोन्ही घरांत अडचणही एकच झाली आहे. वस्तू कशाची बनली आहे हे ठाऊक नसताना एकाने ती घेतली आणि दुसऱ्याने नाकारली. तेव्हा आधी वस्तू समजून घेऊ.

माती, आग आणि सिरॅमिक

धातू नसलेले खनिज पदार्थ दळून, त्यांना आकार देऊन, भट्टीच्या तीव्र उष्णतेत पक्के केले की जे तयार होते ते सिरॅमिक. कुंभाराचे मडके, कौल, वीट, लोणच्याची बरणी, मोरीतल्या फरशा, चहाचा कप, हे सगळे एकाच घराण्यातले. आगीत काय होते? मातीतले पाणी निघून जाते, काही खनिजे वितळून काचेसारखी होतात आणि उरलेल्या कणांना एकमेकांशी जखडून टाकतात. एकदा भाजलेली माती पुन्हा भिजवून चिखल करता येत नाही. पदार्थाची जातच बदलते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पांढरी, पातळ, उजेड आरपार जाईल अशी भांडी सर्वांत आधी चीनमध्ये बनली. त्यासाठी केओलिन नावाची पांढरी माती लागते आणि भट्टीही फार कडक लागते. नवव्या शतकात ही भांडी समुद्रमार्गे अब्बासी राज्यात पोहोचली, तेव्हा इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांकडे तशी माती नव्हती. त्यांनी आपल्याच पिवळसर मातीच्या भांड्यावर कथिलाच्या भस्माने पांढरी केलेली झिलई चढवली आणि चिनी भांड्यासारखा शुभ्रपणा आणला. बाराव्या शतकापर्यंत इराणी कुंभारांनी आणखी पुढची पायरी गाठली. काशान शहरातल्या एका नामांकित कुंभार घराण्यातले अबुल कासिम यांनी १३०१ साली फारसीत ही कृती लिहूनच ठेवली आहे. दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती. आजही प्रयोगशाळेत या प्रमाणाने पदार्थ बनवता येतो आणि जुन्या तुकड्यांशी ताडून पाहता येतो. लिहून ठेवलेल्या प्रमाणाची किंमत ही अशी असते.

कपात हाड कसे आले?

युरोपलाही चिनी भांड्यांचे तेच वेड लागले होते. जर्मनीत माइसेनला १७१०मध्ये कारखाना निघाला. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या बो येथील कारखान्याचे थॉमस फ्राय यांनी १७४९च्या सुमारास मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळायला सुरुवात केली. मग स्टोक येथे जोसाया स्पोड आणि त्याच नावाचा त्यांचा मुलगा यांनी १७९०च्या दशकात प्रमाण पक्के केले. निम्मी हाडांची राख, पाव भाग केओलिन आणि पाव भाग दगडाची भुकटी. तेच बोन चायना. आजही अस्सल बोन चायनाची घडण जवळपास हीच आहे.

म्हणजे सासूबाईंचे बरोबर आहे. नाव उगाच पडलेले नाही. अस्सल बोन चायनाच्या कच्च्या मालात निम्मा वाटा हाडाच्या राखेचा असतो.

पण मुलाचेही अगदीच चूक नाही. कारण कपात हाड हाडाच्या रूपात उरलेले नसते. हाड म्हणजे ढोबळमानाने दोन गोष्टी. एक, कोलॅजन नावाचे प्रथिन, ज्यापासून जिलेटिन मिळते. दुसरी, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे एक खनिज, हायड्रॉक्सिॲपेटाइट. हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा या खनिजाचा. कारखान्यात आधी हाडांतली चरबी आणि जिलेटिन काढून घेतात. मग ती सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजतात. मांस, मज्जा, प्रथिन, जे काही उरले असेल ते सगळे जळून जाते आणि पांढरी खनिज राख राहते. ही राख माती आणि दगडाच्या भुकटीत मिसळून, कप घडवून, पुन्हा सुमारे १२०० ते १२५० अंशांना भाजतात. या दुसऱ्या आगीत हाडाचे ते मूळ खनिजही टिकत नाही. त्यातला काही चुना मातीशी जोडला जाऊन ॲनॉर्थाइट नावाचे नवे स्फटिक बनतात, उरलेल्याचे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होते आणि मधल्या जागा काच भरून काढते. कपाच्या अंगात जवळजवळ सत्तर टक्के हे नवे स्फटिक आणि बाकी काच असते.

एवढा खटाटोप कशासाठी? स्फटिक आणि काच यांतून प्रकाश जवळपास सारखाच वळतो, म्हणून कप उजेडासमोर धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते. राखेत लोह फार थोडे, म्हणून रंग शुभ्र. स्फटिकांची दाटी मोठी, म्हणून पातळ असूनही कप साध्या चिनी मातीच्या कपापेक्षा मजबूत.

आता घरातली बाकीची भांडी तपासा. प्रत्येक पांढरे भांडे बोन चायना नसते. लोणच्याच्या जाड बरण्या, रंगीत मग, पोर्सलिनची भांडी, यांत हाडाची राख लागत नाही. लग्नात भेट येणारे पांढरे, हलके, सहसा न फुटणारे बरेचसे डिनर सेट तर सिरॅमिकही नसतात, ती ओपल काच असते. शिवाय काही कारखाने हाडाऐवजी चुना आणि फॉस्फोरिक आम्ल यांपासून बनवलेले कॅल्शियम फॉस्फेट वापरतात. त्याचा कप दिसायला तसाच, पण त्यात कुठल्याही जनावराचा संबंध नाही. तेव्हा नुसत्या पांढऱ्या रंगावरून भांडे बाजूला ठेवू नये आणि दुकानदाराच्या 'तसे काही नसते हो' यावर विश्वासही ठेवू नये.

मसला कुठे येतो?

इथे आम्ही आमची मर्यादा सांगून टाकतो. हे सदर विज्ञानाचे आहे, फतवा देण्याचा अधिकार आमचा नाही. पण मसला कुठे येतो एवढे दाखवणे आमचे काम आहे.

जनावर हलाल असेल आणि शरई पद्धतीने जबह केलेले असेल, तर त्याच्या हाडाबद्दल वादच नाही. प्रश्न येतो तो मुर्दार जनावराच्या, म्हणजे जबह न केलेल्या जनावराच्या हाडाचा. हनफी फिकहनुसार डुक्कर सोडून इतर मुर्दार जनावरांचे कोरडे, चरबी नसलेले हाड पाक मानले जाते. शिवाय एखाद्या पदार्थाची हकीकतच बदलून गेली तर त्याचा हुकूमही बदलतो, ही बाब हनफी उलमांनी विस्ताराने मांडली आहे. शाफई फिकहमध्ये मात्र मुर्दार जनावराचे हाड नापाक मानले जाते आणि जळून राख झाल्यानेही ते पाक होत नाही, असे मत मान्य आहे. आपल्या कोकणी घरांत बहुतेक शाफई, देशावर बहुतेक हनफी. म्हणजे तोच कप सोलापुरात आणि रत्नागिरीत वेगळा प्रश्न घेऊन उभा राहतो. सासूबाईंचा संकोच हट्टाचा नाही, त्याच्यामागे त्यांच्या मसलकाची बाजू आहे. सुनेने आणि नातवाने हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट आलिमांना आवर्जून सांगावी. तयार कपाची तपासणी करून हाड कोणत्या जनावराचे होते हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही. जनावर ओळखायचे तर प्रथिन किंवा जनुकीय द्रव्य लागते आणि हजार अंशांच्या आगीत ते शिल्लक राहत नाही. परंपरेने या कामी गुरांच्या हाडांना पसंती असते, कारण रंग स्वच्छ येतो. पण अमुक कारखान्यात अमुक जनावराचेच हाड होते, हे सांगू शकतो तो फक्त कारखानदार. म्हणून पत्र पाठवायचे तर त्याला पाठवावे. हाड वापरता की बनवलेले फॉस्फेट? हाड असेल तर कोणत्या जनावराचे, कोठून आणलेले? उत्तर लेखी मागावे आणि ते घेऊन आपल्या आलिमांकडे जावे. 'बोन चायना चालते का?' असा मोघम प्रश्न केला तर उत्तरही मोघमच मिळणार.

हाडातली माती

आता दुसरे पत्र. कपात हाड गेले ते अडीचशे वर्षांपूर्वी. सिरॅमिक हाडात गेले ते त्या मानाने अलीकडे.

१९२०मध्ये अमेरिकेतले शल्यविशारद फ्रेड अल्बी यांनी मोडलेल्या हाडाच्या फटीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट भरून पाहिले. हाड लवकर सांधते असे त्यांना दिसले. वाचकांना हे नाव ओळखीचे वाटेल. बोन चायनाच्या भट्टीत जे स्फटिक तयार होतात, त्यांतलाच हा पदार्थ. अर्थात कप दळून जबड्यात भरता येत नाही, त्यासाठी शुद्ध आणि निर्जंतुक पदार्थ लागतो. पण खनिज तेच.

पुढे १९६७मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातले सिरॅमिक शास्त्रज्ञ लॅरी हेंच एका परिषदेला बसने निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेले एक लष्करी अधिकारी होते. युद्धात हात-पाय गमावलेली माणसे त्यांनी पाहिली होती. शरीर धातू आणि प्लास्टिक नाकारते, मग शरीर स्वीकारील असा पदार्थ तुम्ही का बनवत नाही, असा प्रश्न त्यांनी केला. हेंच यांनी तो मनावर घेतला. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे, तर तेच काचेत घालून पाहू, असा त्यांचा विचार. १९६९मध्ये बनवलेली ती काच उंदराच्या मांडीच्या हाडात बसवली. काही आठवड्यांनी ती ओढून निघेना, हाड तिला चिकटून वाढले होते. १९८५मध्ये मध्यकर्णातल्या हाडांच्या जागी बसवण्यासाठी तिचा वापर रुग्णांत सुरू झाला. याच सुमारास कृत्रिम खुब्याच्या धातूवर हायड्रॉक्सिॲपेटाइटचा थर देण्याची पद्धत आली, म्हणजे हाड त्या खुब्याला आपले समजून धरते. आपल्या देशातही कोलकात्याची केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी हाडात बसवण्याच्या सिरॅमिकवर काम केले आहे.

जबड्यात भरायची भुकटी काम करते ती मचाणासारखी. तिच्या कणांत बारीक भोके असतात. त्यांतून रक्तवाहिन्या आणि हाड बनवणाऱ्या पेशी आत शिरतात आणि भुकटीच्या आधाराने नवे हाड रचतात. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळून जाते, हायड्रॉक्सिॲपेटाइट जास्त काळ टिकते. डॉक्टर गरजेनुसार निवड करतात.

आता बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर. अशी भुकटी चार ठिकाणांहून येते. पहिली, रुग्णाच्याच शरीरातून, हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून काढलेले हाड. दुसरी, दान केलेल्या मानवी हाडातून. तिसरी, जनावराच्या हाडातून, ज्यातले प्रथिन उष्णतेने किंवा रसायनांनी काढून टाकलेले असते. यात गुरांचे हाड सर्वांत जास्त वापरात आहे, पण डुकराच्या आणि घोड्याच्या हाडाचीही उत्पादने असतात. चौथी, कारखान्यात रसायनांपासून बनवलेले सिरॅमिक, ज्यात जनावर अजिबात नाही. चौथ्या प्रकारची भुकटी भारतात मिळते. म्हणजे बंधूंना उपचार सोडून येण्याची गरज नव्हती, प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारण्याची होती.

डॉक्टरांना असे विचारावे: "डॉक्टरसाहेब, ही भुकटी कृत्रिम आहे, जनावराची आहे की माणसाची? जनावराची असेल तर कोणत्या? माझ्या बाबतीत कृत्रिम चालेल का? नसेल तर कारण काय?" पाकिटावर मूळ छापलेले असते, ते पाहायला मागावे. भुकटीवर जो पडदा ठेवतात त्याचीही चौकशी करावी, कारण तो बरेचदा जनावराच्या कोलॅजनचा असतो आणि त्यात डुकराचाही असू शकतो. काही वेळा डॉक्टर वैद्यकीय कारणाने जनावराचे हाडच योग्य म्हणतील. मग ते कारण समजून घेऊन आलिमांसमोर ठेवावे. जरूरतीचे मसले वेगळे असतात आणि ते त्यांनाच ठाऊक. पण एकाच बाजूने चावत वर्षे काढणे हा त्यावरचा तोडगा नाही. शरीरही अमानत आहे.

याच ओघात एक गैरसमज दूर करतो. दातावर बसवायची पांढरी सिरॅमिक टोपी पाहून काहींना तीही हाडाची वाटते. आजकाल ती बहुधा झिर्कोनियाची असते. झिर्कोनिया झिरकॉन या खनिजापासून मिळते आणि ते खनिज केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही सापडते. त्यात हाड नाही. सिरॅमिकचा मोठा दोष ठिसूळपणा. एकदा तडा सुरू झाला की तो थांबत नाही. १९७५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की झिर्कोनियात तड्याच्या टोकाशी स्फटिक आपला आकार बदलतात, किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. म्हणून ही टोपी चावण्याचा जोर सहन करते.

जो प्रश्न कुणी विचारत नाही

बोन चायनाबद्दल आमच्याकडे अशी पत्रे येतात. भांड्याच्या झिलईत शिसे आहे का, असे मात्र आम्हाला फारसे कोणी विचारत नाही. हलालबरोबर तय्यब हाही शब्द आपल्याला शिकवलेला आहे.

शिसे घातले की झिलई कमी उष्णतेत वितळते, चमकते आणि रंग खुलतात. म्हणून कुंभार शतकानुशतके ते वापरत आले. नीट भाजलेल्या झिलईत शिसे बऱ्याच अंशी बंदिस्त राहते, कच्ची भाजली असेल तर आंबट पदार्थ ते बाहेर काढतात. लोणचे, सिरका, चिंचेचे सार, लिंबाचे सरबत. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. ते चवीला आणि वासाला कळत नाही. तेव्हा आतून रंगीत नक्षी असलेले, कुठले ते माहीत नसलेले भांडे शोभेला ठेवावे. पिढीजात जुन्या रंगीत वाडग्यात किंवा झिलईला बारीक भेगांचे जाळे पडलेल्या भांड्यात आंबट साठवू नये. नवे घेताना 'शिसे नाही' असे छापलेले पाहावे. ज्या घरात बोन चायनाचा कप बाजूला ठेवला, त्याच घरात रमजानचे सरबत अशा नक्षीच्या भांड्यात केले जात असेल, तर तहकीक अर्धीच झाली.

शेवटी कोकणातल्या भगिनींना एवढेच. सेट तूर्त खोक्यात राहू द्या. मुलाला फोन करून सांगा की भेट आवडली आहे आणि तिची चौकशी चालू आहे. कारखान्याचे नाव बुडाखाली छापलेले असेल. पत्र मुलानेच लिहावे, तो शिकलेला आहे. उत्तर आले की ते सासूबाईंना वाचून दाखवावे आणि मग दोघांनी मिळून आलिमांकडे जावे. कप टेबलावर आला तरी चांगले आणि नाही आला तरी घरातली माणसे एका दस्तरखानावर बसलेली असतील. सोलापूरच्या बंधूंनी मात्र उशीर करू नये. जबड्याचे रिकामे हाड झिजत जाते. वर दिलेले प्रश्न कागदावर उतरवून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

अल्लाह आपल्या सर्वांना उपयोगी पडणारे ज्ञान देवो. आमीन.